जिन्याकडे धावण्याआधी आपलं घर ओळखा

जमीन हलली की दिल्लीतला मराठी माणूस जिन्याकडे धाव घेतो. त्याला बोल लावता येत नाही. आपल्या मनात भूकंप म्हणजे किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती बोळवून थकून झोपलेली गावं, आणि चारला चार मिनिटं कमी असताना दगडमातीच्या जाड भिंती नि त्यांवरचं माळवद एकदम खाली. घरात होते ते त्या मातीखाली गेले, अंगणात किंवा रानात झोपलेले बरेचसे वाचले. लातूर-उस्मानाबादच्या त्या घरांपुरता ‘बाहेर पळा’ हा धडा खराच होता. लक्ष्मीबाई नगरातल्या वरच्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये मात्र तोच धडा हातपाय मोडायला कारण होईल, कदाचित जिवावरही बेतेल.

म्हणून हा लेख. लक्ष्मीबाई नगर, सरोजिनी नगर, किदवई नगर, आयएनए या पट्ट्यात राहणाऱ्या आणि बदलीने आज इथे, उद्या तिथे असणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी प्रामुख्याने तो लिहिला आहे. सांगायचं मुख्य सूत्र एकच: भूकंपात थांबायचं की निघायचं हे तुमचं धैर्य ठरवत नाही, तुमचं घर ठरवतं. आणि घर कसं आहे हे धक्का बसायच्या आधीच पाहून ठेवावं लागतं.

पायाखाली काय आहे

१७ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे ५ वाजून ३६ मिनिटांनी जो धक्का बसला तो बहुतेकांना आठवत असेल. धौला कुआँजवळ केंद्र, म्हणजे आपल्या वसाहतीपासून जेमतेम पाच-सहा किलोमीटर. तीव्रता अवघी ४, खोली पाच किलोमीटर. जमिनीतून गडगडाट ऐकू आला, खिडक्या थरथरल्या, पाखरं उडाली, नि लोक चादरीसकट खाली आले. नुकसान नगण्य. पण दिल्ली फक्त दुसऱ्यांच्या भूकंपाने हलते हा समज त्या पहाटेने मोडायला हवा होता. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी नऊच्या सुमारास हरियाणातल्या झज्जरला ४.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि दिल्लीच्या कचेऱ्या रिकाम्या झाल्या. दिल्लीच्या आसपास सोहना, मथुरा, मुरादाबाद, महेंद्रगढ-डेहराडून अशा नावांचे भूस्तरभंग आहेत. १९५६ साली बुलंदशहर-खुर्जा भागात आणि १९६० साली दिल्लीजवळ झालेले भूकंप आजच्या धक्क्यांपेक्षा कितीतरी दणदणीत होते.

दुसरा धोका लांबचा आहे, आणि तो मोठा आहे. हिमालयाची रांग इथून अडीच-तीनशे किलोमीटरवर. १ सप्टेंबर १८०३ रोजी गढवालात मोठा भूकंप झाला तेव्हा कुतुबमिनाराच्या माथ्यावरची छत्री कोसळली. त्या दिवशी दिल्लीवर अंमल शिंद्यांचा होता. दहाच दिवसांनी, ११ सप्टेंबरला, पटपडगंजच्या लढाईत इंग्रजांनी तो संपवला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत लढाई आहे, भूकंप नाही. पुढे १८२८ मध्ये रॉबर्ट स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मिनारावर नवी छत्री चढवली. ती इतकी विशोभित दिसे की १८४८ मध्ये उतरवून खाली हिरवळीवर ठेवली. गावाकडून पाहुणे आले की कुतुब दाखवायला नेतोच आपण. पुढच्या वेळी ती छत्रीही दाखवा आणि ती तिथे का आहे हे मुलांना सांगा.

बांधकामाच्या मानकांत देशाची जी भूकंपविभागणी वर्षानुवर्षं वापरली गेली तीत दिल्ली चौथ्या विभागात येते. नागपूर दुसऱ्यात, पुणे-मुंबई तिसऱ्यात, कोयना चौथ्यात. म्हणजे नागपूरहून बदलून आलेला माणूस धोक्याच्या दोन पायऱ्या चढून आलेला असतो, आणि त्याला बदलीच्या ऑर्डरीत हे कोणी लिहून देत नाही. किल्लारी मात्र तेव्हाच्या नकाशात सगळ्यांत सुरक्षित अशा पहिल्या विभागात होती, हेही विसरू नये. २००२ साली तो पहिला विभागच रद्द झाला.

याच्यावर जमिनीचा गुण येतो. अरवलीचं शेपूट, म्हणजे दिल्लीचं रिज, कठीण क्वार्टझाइट खडकाचं. यमुनेकडे जावं तसा गाळ जाड होत जातो आणि नदीपलीकडे तो शेकडो फूट आहे. गाळात लाटा रेंगाळतात, वाढतात. १९८५ साली मेक्सिको सिटी साडेतीनशे किलोमीटरहून दूरच्या भूकंपाने उद्ध्वस्त झाली ती जुन्या तळ्याच्या गाळावर उभी असल्यामुळे. दिल्लीचे जमिनीच्या गुणाप्रमाणे बारकाईने विभाग पाडलेले नकाशे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने केले आहेत. या केंद्राचं कार्यालय लोधी रोडच्या मौसम भवनात, लक्ष्मीबाई नगरपासून दोनेक किलोमीटरवर आहे. त्यांचं ‘भूकंप’ नावाचं मोबाइल ॲप आहे ते घ्या. धक्का बसल्यावर काही मिनिटांत केंद्र आणि तीव्रता त्यावर येते, आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर ‘सात होता, आठ होता’ असा लिलाव चालू असतो तो थांबवता येतो.

ग्रुपवरच्या आणखी दोन गोष्टींचा इथेच निकाल लावू. ‘आज रात्री अमुक वाजता मोठा भूकंप येणार, नासाने सांगितलंय’ हा निरोप कोणीही पाठवला असो, खोटा असतो. जगात कुणालाही भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही. दुसरं, ‘छोटे धक्के बसतायत ते बरंच, दाब निघून जातो’. तीव्रतेचा एक आकडा वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पटीने वाढते. सात तीव्रतेच्या भूकंपाइतकी ऊर्जा निघायला पाच तीव्रतेचे हजारेक धक्के लागतील. छोट्या धक्क्यांनी कोणाचं ऋण फिटत नाही.

तीन तऱ्हेची घरं

लक्ष्मीबाई नगर, त्याला लागून पिलंजी गाव आणि रस्त्यापलीकडे पूर्व किदवई नगरचे टॉवर. चालत अर्ध्या तासात बांधकामाच्या तीन पिढ्या दिसतात, आणि तिन्हींची भूकंपातली वागणूक वेगळी.

जुने सरकारी क्वार्टर आधी घेऊ. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात दिल्लीत उठलेल्या अशा वसाहती साधारणपणे भाजक्या विटांच्या, भार पेलणाऱ्या भिंतींच्या आणि वर काँक्रीटच्या स्लॅबच्या आहेत. भूकंपरोधक रचनेचं आपलं पहिलं मानक, आयएस १८९३, निघालं १९६२ साली. त्याआधीच्या इमारतींकडून त्या मानकाची अपेक्षा कशी करणार? तरीही या घरांचे गुण आहेत. ती बुटकी आहेत, भिंती जाड आहेत, आजूबाजूला मोकळी जागा आहे. त्यांना मारक ठरते ती नंतरची कारागिरी. स्वयंपाकघर मोठं हवं म्हणून पाडलेली मधली भिंत, एसीसाठी फोडलेलं भगदाड, बाल्कनी बंद करून तिच्यावर चढवलेलं ओझं. विटांच्या घरात आतली भिंत ही केवळ आडोसा नसते, वरचा मजला तिच्यावर उभा असतो. आधीच्या रहिवाशाने काय काय तोडलं आहे हे ताबा घेतानाच पाहा, आणि तुम्ही स्वतः हातोडा लावायला सांगण्याआधी सीपीडब्ल्यूडीच्या इन्क्वायरीत विचारा.

भेगा पाहायची एक सोपी रीत आहे. प्लास्टरवरच्या केसासारख्या रेघा सोडून द्या. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीत फुलीसारखी पडलेली, किंवा दोन भिंती जिथे मिळतात तिथे उभी उघडलेली भेग महत्त्वाची. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करा, शेजारी तारीख लिहा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दोन महिन्यांत भेग खुणेच्या पुढे सरकली तर लेखी तक्रार द्यायची वेळ झाली. तशीच छज्ज्यांकडे मान वर करून पाहा. दिल्लीत पाणी झिरपून गज गंजतो, गंजला की फुगतो, आणि खालचं काँक्रीट पापुद्र्यासारखं निघून पडतं. गज उघडा दिसत असेल त्या छज्ज्याखाली स्कूटर लावू नका, मुलांना खेळू देऊ नका. धक्क्यात सगळ्यांत आधी खाली येतो तो असाच छज्जा, नाहीतर गच्चीचा कठडा. भिंतीच्या सांध्यात पिंपळाचं रोप उगवलं असेल तर ते देवाचं म्हणून राखू नका. मुळासकट काढायला लावा.

दुसरी तऱ्हा टॉवरची. अलीकडचे टॉवर मानकं पाळून बांधलेले असायला हवेत. त्यांच्यातल्या माणसाला भीती वाटते ती झोक्याची. इमारतीच्या मजल्यांना दहाने भागलं की तिच्या एका झोक्याला किती सेकंद लागतात याचा ढोबळ अंदाज येतो. दुमजली घर सेकंदात चार-पाच वेळा थरथरेल, चौदा मजली झोपाळ्यासारखं सावकाश इकडून तिकडे जाईल. जवळच्या लहान भूकंपाच्या लाटा झटपट असतात, त्या बुटक्या घरांना झोडपतात. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या लाटा संथ असतात, त्या उंच इमारती हलवतात. २१ मार्च २०२३ च्या रात्री हिंदुकुशात सुमारे साडेसहा तीव्रतेचा भूकंप झाला, दिल्लीपासून हजारेक किलोमीटर दूर. वरच्या मजल्यांवरचे लोक पंखे, झुंबरं हलताना पाहून जिने उतरले, आणि तळमजल्यावर जेवत बसलेल्या कित्येकांना पत्ताच नव्हता. झोका घेणं हे चांगल्या बांधलेल्या टॉवरचं कामच आहे. तिथे धोका असतो काचांचा, सैल फर्निचरचा आणि जिन्यातल्या चेंगराचेंगरीचा.

तिसरी तऱ्हा सगळ्यांत वाईट, आणि दुर्दैवाने नवी नोकरी किंवा अभ्यासासाठी आलेली आपली मुलं तिथेच भाड्याने राहतात. पिलंजी, कोटला मुबारकपूर यांसारखी शहरात बुडालेली गावं, किंवा कुठल्याही कॉलनीतली ‘बिल्डर फ्लोअर’. अरुंद प्लॉट, एकाला एक चिकटलेल्या इमारती, चार इंची भिंती, दर मजल्याला गल्लीवर पुढे येत गेलेला छज्जा, आणि खाली गाड्यांसाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला तळमजला. या शेवटच्या गोष्टीकडे नीट पाहा. वरच्या मजल्यांवर भिंती आहेत म्हणून ते ताठ, खाली काहीच नाही म्हणून सगळा ताण त्या खांबांच्या डोक्यावर. २६ जानेवारी २००१ ला भुजच्या भूकंपात केंद्रापासून अडीचशे किलोमीटर दूरच्या अहमदाबादमध्ये अशाच मोकळ्या तळमजल्याच्या इमारती बसल्या आणि शेकडो माणसं गेली. तेव्हा ‘आम्ही केंद्रापासून लांब आहोत’ या वाक्याला काही अर्थ उरला नाही.

मुलाला ओल्ड राजेंद्र नगरला किंवा मुखर्जी नगरला यूपीएससीसाठी ठेवायला आलात तर खोलीचं भाडं आणि मेसचा डबा पाहता तसंच हेही पाहा: जिना किती रुंद आहे, रात्री गल्लीकडचं लोखंडी दार कुलूपबंद होतं का, किल्ली कोणाकडे, गच्चीवर जायची वाट उघडी आहे का, अभ्यासिका तळघरात तर नाही. तळघराला बाहेर पडायची दुसरी वाट नसेल तर मी स्वतः तिथे मुलाला बसू देणार नाही, भूकंपाचं निमित्त असो वा पावसाचं.

चांदणी चौक आणि करोल बागेतल्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाई कामगार बंधूंनाही एक सांगायचं आहे. विटा, खानापूर, आटपाडीकडून आलेली ही मंडळी जुन्या इमारतींत भट्टी, गॅस आणि तेजाबासह दिवसरात्र काम करतात, पुष्कळदा तिथेच झोपतात. तेजाबाच्या बाटल्या फळीवर ठेवू नका. जमिनीवर, कडा असलेल्या ट्रेमध्ये, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा. झोपायची जागा भट्टी आणि दार यांच्या मध्ये येणार नाही अशी निवडा.

रविवारचा एक तास

इमारत आपल्या हातात नसते, खोली असते. जखमी होणारी पुष्कळ माणसं कोसळलेल्या इमारतीखाली सापडलेली नसतात. त्यांच्या अंगावर कपाट आलेलं असतं, काच पायात गेलेली असते, नाहीतर घाईत जिन्यावरून पडलेली असतात.

दिल्लीच्या घराची खास चीज म्हणजे खिडकीबाहेरचा कूलर. लोखंडी स्टँडवर, चार खिळ्यांच्या भरवशावर, पाण्याने भरलेला. पहिल्या मजल्यावरचा भरलेला कूलर खालच्या माणसाच्या डोक्यावर आला तर पुढचं बोलायला नको. स्टँडचे पाय हाताने हलवून पाहा. गंजलेले असतील तर बदला. भिंतीत एक्सपान्शन बोल्ट मारून घ्या, आणि हंगाम संपला की पाणी काढून कूलर आत घ्या. एसीच्या बाहेरच्या युनिटला हाच नियम. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाक्या नुसत्या विटांच्या ढिगावर उभ्या आहेत का तेही एकदा वर जाऊन बघा. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन आहे.

आत या. लोखंडी कपाट आणि फ्रिज यांची जागा पलंगाच्या आणि दाराच्या वाटेत नसावी. कपाटाला वरच्या बाजूला दोन एल-पट्ट्या मारून ते भिंतीला जखडता येतं, सुताराचं अर्ध्या तासाचं काम. कपाटावरची बॅग, माळ्यावरची पितळी पातेली, फडताळातल्या लोणच्याच्या चिनीमातीच्या बरण्या: जड ते खाली, हलकं ते वर. देवघर भिंतीवर टांगलेलं असेल तर खिळे तपासा. समई लावून घराबाहेर जायची सवय असेल तर सोडा. पलंग खिडकीखाली नको, आणि उशाच्या वर काचेची तसबीर तर नकोच, मग ती आजोबांची असली तरी.

आयजीएलचा पाइपचा गॅस असेल तर बंद करायचा व्हॉल्व्ह घरातल्या दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने फिरवायला लावा. मी कित्येक घरांत विचारलं आहे. व्हॉल्व्ह कुठे ते माहीत असतं, पण तो कोणी कधी फिरवलेला नसतो आणि घट्ट झालेला असतो. लाइटचं मेन स्विच तसंच. बाल्कनीच्या लोखंडी जाळीला रात्री कुलूप घालत असाल तर किल्ली कुलपाजवळच एका खिळ्याला, सगळ्यांना अंधारात सापडेल अशी.

पलंगाखाली प्रत्येकाची एक जोडी बूट किंवा चपला आणि एक बॅटरी. काचांवरून अनवाणी चालून पायाला होणारी जखम भूकंपानंतर नेहमीची आहे. एका पाठपिशवीत तीन दिवस पुरतील इतकी बीपी-शुगरची औषधं, जुना चष्मा, कागदपत्रांच्या प्रती, थोडी रोकड, पॉवर बँक, आणि एक शिट्टी. शिट्टी क्षुल्लक वाटते. ढिगाऱ्याखाली ओरडलं की धूळ तोंडात जाते आणि दम लागतो, शिट्टीला किंवा पाइपवर ठोकायला तेवढी ताकद लागत नाही. माणशी रोज चार लिटर धरून पाणी साठवा. डिसेंबर-जानेवारीत पिशवीवर एक शाल प्रत्येकी. दिल्लीच्या थंडीत पहाटे तीन वाजता म्हाताऱ्या माणसाला तीन तास पार्कात बसायला लागलं तर भूकंपाने नाही झालं ते निमोनियाने होईल.

धक्का बसतो तेव्हा

भूकंपाची पहिली लाट जलद आणि सौम्य असते, मागून येणारी संथ आणि मोडतोड करणारी. केंद्र जितकं दूर तितकं दोघींतलं अंतर जास्त, दर आठ किलोमीटरला साधारण एक सेकंद. धौला कुआँसारख्या जवळच्या भूकंपात सावरायला सेकंदभरही मिळत नाही. गढवालातून येणारा मोठा भूकंप पहिल्या थरथरीनंतर अर्ध्या मिनिटाची सवलत देऊ शकतो. पण कुठला कोणता हे तुम्हाला त्या क्षणी कळणार नाही. म्हणून निर्णय आधी घ्यायचा.

वरच्या कुठल्याही मजल्यावर असाल तर जिन्याकडे जायचं नाही. हलत्या इमारतीत जिना हा कमजोर भाग असतो, शिवाय तुमच्याबरोबर सगळी इमारत त्यात उतरत असते. वाका, झाका, धरा: गुडघ्यांवर या, भक्कम टेबलाखाली शिरा, डोकं आणि मान हातांनी झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा कारण टेबलही सरकतं. टेबल नसेल तर खिडकी-कपाटापासून दूर, आतल्या भिंतीशी, डोक्यावर उशी. पलंगावर असाल तर तिथेच पालथे व्हा आणि उशीने डोकं झाका. आजीला वाकता येत नसेल तर तिला खुर्चीतच पुढे झुकवून मानेवर उशी धरा. दाराच्या चौकटीत उभं राहायचा सल्ला जुन्या सागवानी वाड्यांच्या काळातला आहे, आताच्या चौकटी तशा नाहीत. ‘पलंगाच्या कडेला त्रिकोणी जागेत झोपा’ असा जो व्हिडिओ फिरतो त्याला कुठल्याही जबाबदार संस्थेचा पाठिंबा नाही. लिफ्टमध्ये असाल तर पुढचा मजला दाबा आणि बाहेर या.

तळमजल्यावर असाल, दार चार पावलांवर असेल, बाहेर खरोखर मोकळं अंगण असेल आणि वर छज्जा, कूलर, विजेची तार काहीही नसेल, तरच बाहेर पडा. या चार अटींपैकी एकही पुरी होत नसेल तर आत थांबा. गल्लीतल्या तळमजल्याला या अटी कधीच पुऱ्या होत नाहीत.

गाडीत असाल तर रिंग रोडवर फ्लायओव्हरच्या खाली किंवा वर न थांबता बाजूला घ्या आणि आतच बसा.

थांबल्यावर

आधी बूट, मग गॅसचा व्हॉल्व्ह, मग मेन स्विच. वास येत असेल तर स्विचला हात लावू नका, काडी तर नाहीच. मग शांतपणे जिन्याने खाली, इमारतीच्या उंचीइतकं अंतर ठेवून मोकळ्या जागी. मागाहून आणखी धक्के येतात. पहिल्या धक्क्याने खिळखिळी झालेली भिंत त्यांनी पडते. म्हणून ‘पाकीट राहिलं’ म्हणून परत वर जाणं बंद.

फोनची गर्दी होते. सगळ्यांनी एकमेकांना फोन लावत बसण्यापेक्षा दिल्लीबाहेरचा एक माणूस ठरवून ठेवा, पुण्याचे काका किंवा नागपूरची मावशी, आणि प्रत्येकाने फक्त तिथे एक एसएमएस टाकायचा: ‘ठीक आहे, अमुक जागी’. बदलीच्या नोकरीतल्या मराठी कुटुंबाला हे सहज जमावं, कारण आपलं निम्मं गोत तिकडेच असतं. मुलांच्या शाळेत भूकंपानंतर मूल कोणाच्या ताब्यात देतात याचा नियम विचारून घ्या आणि आणायला एकानेच जायचं हेही ठरवा. आणीबाणीत ११२, दिल्लीच्या आपत्ती व्यवस्थापनाचा १०७७. पण कुठल्याही मोठ्या भूकंपात पहिल्या काही तासांत ढिगाऱ्यातून माणसं काढतात ती शेजारीच, हा किल्लारीपासून भुजपर्यंतचा अनुभव आहे. शेजारच्या क्वार्टरमध्ये एकटं कोण राहतं, कोणाला चालता येत नाही, एवढं तरी माहीत असावं.

घर विकत घेताना

निवृत्तीच्या बेताने द्वारका, नोएडा, गाझियाबादकडे फ्लॅट पाहणाऱ्यांनी बिल्डरकडे स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणि मातीचा तपासणी अहवाल मागावा, आणि तो बांधकाम विभागातल्या एखाद्या ओळखीच्या अभियंत्याला दाखवावा. बांधकाम चालू असेल तर साइटवर जाऊन खांबाच्या सळ्यांभोवतीच्या रिंगा पाहा. रिंगेची दोन्ही टोकं काटकोनात संपलेली असतील तर धक्क्यात ती उघडते. १३५ अंशांत आत वळवून सळ्यांच्या गाभ्यात शिरलेली असतील तर खांब धरून राहतो. हा नियम आयएस १३९२० मध्ये १९९३ पासून आहे आणि तो मोडलेला आहे की नाही हे कुणाही साध्या माणसाला डोळ्यांनी दिसतं. टाइल्स कुठल्या कंपनीच्या हे विचारायला तुम्ही जितका वेळ घालवता त्याच्या दशांश वेळ यासाठी द्या.

कोकणात परतून जांभ्याच्या चिऱ्यांचं घर बांधायचं स्वप्न असेल तर तिथेही निश्चिंती नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सहापेक्षा जास्त तीव्रतेचा होता, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि चिपळूण कोयनेच्या खालच्याच अंगाला आहे. २०१८ च्या अखेरीपासून पालघरच्या डहाणू-तलासरीत धक्क्यांची माळच लागली होती. चिऱ्यांच्या भिंतीला जोत्याच्या, दारं-खिडक्यांच्या वरच्या आणि छपराच्या पातळीवर सलग काँक्रीटचा पट्टा द्या, चारही कोपऱ्यांत उभी सळई घाला. खर्च एकूण बांधकामाच्या मानाने थोडा येतो. घर किनाऱ्यालगत असेल तर एवढं आणखी: जमीन बराच वेळ हलली किंवा समुद्र अचानक मागे हटला तर कोणाच्या सूचनेची वाट न पाहता डोंगराकडे चालू लागा. १९४५ च्या नोव्हेंबरात मकरानच्या किनाऱ्यावरच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती.

विम्याचंही पाहा. एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी मिळते आणि तीत भूकंप धरलेला आहे. भाडेकरू किंवा क्वार्टरमध्ये राहणारा फक्त घरातल्या सामानाचाही विमा घेऊ शकतो.

आणि एक काम एकट्याने होण्यासारखं नाही. वसाहतीच्या पार्कचं फाटक रात्री कुलूपबंद असतं का, किल्ली कोणाकडे असते, जमायची जागा कोणती, हे रहिवासी संघाच्या बैठकीत ठरवून घ्यावं लागेल. नागरी संरक्षण दलाला बोलावून एकदा सराव करता येतो. तो गणेशोत्सवाच्या दिवसांत ठेवला तर आरतीला जमलेली सगळी माणसं आयती हाताशी असतात. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालायला सेक्रेटरींना आजच एक ओळ लिहून द्या.